बारा किल्ले जागतिक वारसा झाले, आता गडावर जाणाऱ्यांनी काय बदलायचं?

गडवाट

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावानं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्याकडचे अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. भारतातलं हे ४४ वं स्थळ. ऊर भरून यावा अशीच गोष्ट आहे आणि त्यावर इथे भरभरून लिहूनही झालंय. मला पुढचं बोलायचंय. आता गर्दी वाढणार. ती या गडांनी सोसायची कशी?

गड बांधला तो माणसं वर येऊ नयेत म्हणून. दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला, पायऱ्या मुद्दाम उंच आणि वळणाच्या, वाट एका वेळी चार-दोन माणसं जातील एवढीच. लोहगडाचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा एकामागोमाग एक वळणं घेत वर जातात. शत्रूला तिथे कोंडीत धरायचं ही त्यामागची योजना. पावसाळ्यातल्या रविवारी आपण हजारोंनी तिथे जातो आणि त्याच कोंडीत अडकतो. वरचे उतरू शकत नाहीत, खालचे चढू शकत नाहीत, लहान मुलं रडकुंडीला येतात. काही वर्षांपूर्वीचे ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. तिथे चेंगराचेंगरी झाली नाही हे नशीब.

माणसांचं झालं, आता दगडाचं. राजगडाची संजीवनी माची डोळ्यासमोर आणा. तिची तटबंदी दुहेरी आहे, चिलखत घातल्यासारखी, आणि दोन भिंतींच्या मधून उतरायला अरुंद जिने आहेत. फोटोसाठी लोक तटाच्या माथ्यावरून चालतात. माथ्यावरचा एखादा चिरा पायाखाली हलला की त्याच्या सांध्यातला चुना सुटतो. पुढच्या पावसात पाणी तिथून आत मुरतं, आतली भर फुगते, आणि दोन-चार पावसाळ्यांत तट पोटातून बाहेर येतो. मग एका रात्री पाच-सहा हात लांबीचा तुकडा दरीत जातो आणि बातमी येते, ‘अतिवृष्टीमुळे तटबंदी ढासळली’. अतिवृष्टी सह्याद्रीत साडेतीनशे वर्षं होतेच आहे.

पाण्याची टाकी हा तिसरा मुद्दा, आणि मला सगळ्यात लागणारा. गडावरचं कातळात खोदलेलं टाकं म्हणजे त्या गडाचा जीव. आजही वर राहणाऱ्या, विकायला बसणाऱ्या माणसांचं पाणी तेच. त्यात पाय सोडून बसणं, साबणानं तोंड धुणं, चिप्सची रिकामी पिशवी सोडून देणं हे मी डोळ्यांनी पाहतो. कुणाला टोकलं तर ‘पाणीच तर आहे’ असं उत्तर येतं.

माझं म्हणणं असं आहे की नुसतं ‘शिस्त पाळा’ म्हणून हे सुटणार नाही. कोणत्या दिवशी किती माणसं वर जातील हे ठरलं पाहिजे, आणि गडामुळे येणारा पैसा पायथ्याच्या गावात उतरला पाहिजे. ही दोन्ही कामं एकत्र झाली तरच गड टिकेल. गावाचं पोट गडावर असेल तर गावच गडाचा पहारेकरी होतो. आपण मात्र पुण्या-मुंबईहून गाडी भरून निघतो, डबे आणि पाणी घेऊन येतो, संध्याकाळी परततो, आणि गावाकडे ठेवून येतो तो कचरा.

इथे वेगवेगळ्या भागांतली मंडळी आहेत. तुमच्या जवळच्या वारसास्थळाचं काय चाललंय, काय चांगलं जमलंय, काय नाही, ते लिहा.

---

सुमेधा_ठाणे

वाचतेय. टाक्यांबद्दल अगदी अगदी. माझ्या मुलाला मी हेच सांगत असते की वर गेल्यावर पाणी दिसलं तर आधी हात जोडायचे.

---

रायगडी मावळा

धागा चांगल्या हेतूनं काढलाय हे मान्य, पण संख्या ठरवायची ही भाषा मला पटत नाही. गड म्हणजे म्युझियम नव्हे. महाराजांच्या पायाशी यायला कुणाकडून पास घ्यायचा? ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, एसटीनं येतात, चालत येतात. त्यांना ‘आजचा कोटा संपला’ म्हणून परत पाठवणार? ऑनलाइन बुकिंग म्हटलं की ज्याच्याकडे मोबाइल आणि कार्ड त्याचाच गड होणार. गरीब घरातला पोरगा बाहेर.

शिस्त हवी, कडक हवी. तटावर नाव कोरणाऱ्याला जागच्या जागी दंड करा. पण दार बंद नको.

---

गडवाट

मावळा, तुमचा आक्षेप मला शंभर टक्के समजतो, आणि गरीब पोराचा मुद्दा तर कळीचाच आहे. पण सोहळा आणि शनिवार-रविवारची गर्दी यांत फरक आहे. सोहळ्याला पोलीस असतात, डॉक्टर असतात, पाण्याची सोय असते, चढायच्या-उतरायच्या वेळा आखलेल्या असतात. मी बोलतोय ते कुणीच न आखलेल्या गर्दीबद्दल.

निम्मे पास पायथ्याला, त्याच दिवशी, हातात कागद देऊन द्यायचे. मोबाइलची गरज नाही. आणि एसटीनं येणाऱ्याला आधी सोडायचं, खासगी गाडीनं येणाऱ्याला नंतर. मग गरीब पोरगा रांगेत पहिला असेल.

दंडाचं म्हणाल तर केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहेच. पण लोहगडावर चारशे माणसं असताना तो कायदा बजावणारा एक रखवालदार. तो कुणाकुणामागे धावेल?

---

कासकरीण

मी साताऱ्याची, माहेर कासच्या रस्त्यावरच्या गावातलं. संख्या ठरवण्याचा अनुभव आमच्याकडे आहे म्हणून सविस्तर लिहिते.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा झाली, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्याच्या आसपासच कास एकदम गाजलं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेवढाच फुलांचा हंगाम, त्यामुळे सगळी गर्दी त्या चार-सहा आठवड्यांत. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. खरंच लोळून.

पठार म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा सपाट कातळ आहे, वर माती जेमतेम काही इंच. त्या मातीत नायट्रोजन इतका कमी की ‘सीतेची आसवं’ आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. वायतुरा ही पाणवनस्पती जगात सह्याद्रीतल्या अशा सड्यांवरच सापडते. एकदा बूट पडला की ती माती दबते, पाणी धरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. मी लहानपणी पाहिलेले तेरड्याचे पट्टे मधल्या काळात वाटेकडच्या बाजूनं विरळ झालेले मला स्पष्ट दिसायचे.

मग आसपासच्या गावांच्या समित्या आणि वनखातं यांनी मिळून हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग सुरू केलं, गाड्या लांब थांबवल्या. गावातली पोरंपोरी तिथे मार्गदर्शक म्हणून, पार्किंगला, शुल्क घ्यायला काम करतात. हंगामात कुणी वाटेबाहेर पाय टाकला तर आमच्या गावातल्या बायका शिट्टी मारून त्याला परत आणतात, कारण ते पठार आता त्यांच्या घरखर्चाशी जोडलेलं आहे. गडवाट म्हणतात ते आम्ही पाहिलंय.

पण सगळंच जमलं असंही नाही. पठाराला कुंपण घातलं होतं. त्यानं माणसं अडली, पण गुरंही अडली. चरणं थांबलं, शेण पडायचं थांबलं, गवत माजलं आणि छोट्या फुलांना ऊन मिळेना. गावातली म्हातारी माणसं पहिल्यापासून सांगत होती की गुरांशिवाय पठार फुलणार नाही. अभ्यासकही नंतर तेच म्हणाले आणि शेवटी कुंपण काढलं. म्हणून गडांवर काही करायचं तर आधी तिथल्या गुराख्याला विचारा, ही माझी कळकळीची विनंती.

---

मुक्ता_एन

कासकरीण, फार छान माहिती. गुरांचा मुद्दा माहीतच नव्हता.

---

लेणीवाला

मी अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरकडचा. पर्यटकांना लेणी दाखवायचं काम करतो. आमच्याकडे १९८३ पासून जागतिक वारसा आहे, म्हणजे या बाबतीत आम्ही तुमच्याहून जुने. (एलिफंटा १९८७ चं.) काही गोष्टी सांगतो.

खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे थांबतात आणि तिथून बसनं वर जायचं. सुरुवातीला लोक चिडले, आता कुणी ब्रही काढत नाही. लोहगड, राजगडालाही हे सहज करता येईल. पायथ्याच्या गावात गाड्यांनी वाट अडली की शेतात जायलाही माणसाला जागा राहत नाही.

चित्रं असलेल्या १, २, १६, १७ या लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकच सोडतात. लोक विचारतात, आम्ही तर हात लावत नाही, मग का? त्यांना मी लेणं क्रमांक १ मध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं करून सांगतो: हे चित्र दगडावर काढलेलं नाही. दगडावर माती, भाताचा कोंडा, झाडांचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर कोरडं झाल्यावर दिलेला रंग. आपण श्वास सोडतो, घाम येतो, तेव्हा हवेत ओल वाढते. गिलावा ती ओल पितो, संध्याकाळी लेणं रिकामं झालं की ती सोडतो. असं रोज फुगत-आकसत तो दगडापासून सुटतो. बोटानं हलकेच वाजवलं तर पोकळ आवाज येईल अशा जागा आहेत. वाजवू मात्र नका!

फ्रान्समधल्या लास्को गुहेत हेच झालं. लोकांच्या श्वासानं भिंतींवर शेवाळ आलं म्हणून १९६३ मध्ये ती कायमची बंद केली, आणि १९८३ मध्ये जवळच हुबेहूब प्रतिकृती उघडली. लोक ती बघायला जातात आणि समाधानानं परततात. आमच्याकडेही पायथ्याशी पर्यटक केंद्रात चार लेण्यांच्या प्रतिकृती जपानच्या मदतीनं उभ्या राहिल्या, चांगल्या होत्या, आणि मग वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी केंद्राला कुलूप लागलं. याचं दुःख मला जेवढं आहे तेवढं कशाचंच नाही. वयस्कर माणसं, शाळेची पोरं यांना तिथे निवांत बसवून सगळं समजावता येत होतं, आणि खऱ्या लेण्यांवरचा भार कमी होत होता.

आणि नाव कोरण्याबद्दल. लेणं क्रमांक १० मध्ये एका खांबावर चित्राच्या अंगावर ‘जॉन स्मिथ’ आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडलेली आहे. लेणी बाहेरच्या जगाला दाखवणारा इंग्रज अधिकारी तोच. दोनशे वर्षं झाली, ते खरवडणं तसंच आहे. पोरांना ते दाखवलं की ती गप्प होतात. ‘तुझं नावही असंच राहील, आणि लोक असंच बघतील’ एवढं सांगितलं की पुरतं.

---

रायगडी मावळा

लेणीवाले दादा, हे शेवटचं मनाला भिडलं. बस लांब थांबवण्याला माझी हरकत नाही. रायगडाच्या पायथ्याला पाचाडमध्येही सुट्टीच्या दिवशी गाड्यांनी गाव अडतं.

---

पन्हाळ्यावरचा

आमी गडावर राहतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. पन्हाळा हा नुसता किल्ला न्हाई, नगरपरिषद असलेलं गाव आहे. शाळा, दवाखाना, बाजार सगळं तटाच्या आत. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी यांच्या आजूबाजूला आमची घरं हायेत, पिढ्यान्‌पिढ्या.

युनेस्कोचं नाव निघालं तेव्हा गडावरच्या लोकांनी विरोध केला, त्याबद्दल बाहेरच्यांनी आमाला बरंच काय काय म्हटलं. आमचा राग किल्ल्यावर नव्हता. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि कागद फिरत राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं उतरलेली असताना कागदाची वाट बघत बसायचं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात पाणी येतं त्यालाच कळतं. आता ह्यो नवा दर्जा आला म्हणजे आमाला उठवणार का, ही भीती हुती. तसं काही होणार नाही असं सांगितलं गेलं, बघूया.

मला एवढंच म्हणायचंय की जबाबदार पर्यटन म्हणताना गडावर राहणारी माणसं मोजा. शनिवारी संध्याकाळी दरीकडेला उभं राहून आरडाओरडा, गाडीतली गाणी, बाटल्या. आमची म्हातारी माणसं झोपत न्हाईत. पाहुणे म्हणून या, आमी झुणका-भाकरी घालू.

---

हरणटोळ

हंपीच्या जुन्या बाजारातून २०११ मध्ये वस्ती उठवली, तेव्हा तिथे पिढ्या काढलेले लोक बेघर झाले. पन्हाळ्यावरची भीती पोकळ नाही. राहती माणसं असली की वास्तू जिवंत राहते, हे आपण विसरतो.

---

मालवणी गाबीत

मी मालवणात होडी चालवतंय. सिंधुदुर्गाक येतत ते आधी माझ्या होडयेत बसतत, मगे किल्ल्यार पाय ठेवतत. सगळ्यांका कळाक व्हया म्हणान फुडला साध्या मराठीत लिहितो.

सगळे किल्ल्याचं बोलतात, किल्ल्याभोवतीच्या समुद्राचं कुणी बोलत नाही. सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. तिथे प्रवाळ आहे. स्नॉर्केलिंगला येणारा माणूस पोहता येत नसलं की घाबरतो आणि पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. ते प्रवाळ असतं. जिवंत असतं. कित्येक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. एका टाचेनं वीस वर्षांची वाढ मोडते.

दुसरं, पाव. माशे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकायचा, फोटो झकास येतात. पण प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे माशे पावाच्या मागे लागले की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. आमच्यातल्या काहींनी पाव बंद केला. गिऱ्हाईक म्हणतं, पलीकडच्या होडीवाला देतो, तुम्ही का नाही? मग माणूस तिकडे जातो. हा धंद्याचा तोटा आम्ही एकट्यानं किती सोसायचा? तुम्ही गिऱ्हाइकांनीच पाव नको म्हणालात तर एका हंगामात सगळं थांबेल.

नांगराचंही तेच. दर होडीनं नांगर टाकायचा म्हणजे दर वेळी खाली काहीतरी फुटणार. कायमचे बोये, म्हणजे तळाला बांधलेले तरंगते पिंप, टाकून दिले तर त्यालाच दोरी बांधता येते. ही मागणी आमची जुनी आहे.

आणि पावसाळ्यात होडी बंद म्हणजे बंद. ‘जास्त पैसे देतो, सोड’ म्हणणारे दर वर्षी भेटतात. तो दर्या काय असतो हे आमका विचारा.

---

सुमेधा_ठाणे

पाव न टाकण्याबद्दल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच टाकलं. मे महिन्यात इथल्या दोन-तीन कुटुंबांचं मालवणला जायचं चाललंय.

---

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून एक नाजूक विषय काढते. दुर्गसंवर्धनाच्या मोहिमा. रविवारी घरदार सोडून गडावर श्रमदान करणाऱ्या पोरांबद्दल मला फार आदर आहे. टाक्यांतला गाळ काढणं, वाटा मोकळ्या करणं, कचरा खाली आणणं, हे त्यांनी केलं नसतं तर कुणी केलं असतं?

पण दोन गोष्टी थांबायला हव्यात. पहिली, सिमेंट. जुना तट चुन्यात बांधलेला. चुना श्वास घेतो, आत गेलेलं पाणी सांध्यातून बाहेर सोडतो. वरून सिमेंट भरलं की पाणी आत कोंडतं आणि भिंत दुप्पट वेगानं फुटते. कित्येक गडांवर चुन्याची घाणी अजून दिसते, दगडी चाकासकट. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, गूळ, बेलफळ, हिरडा असं मळून मळून तो तयार व्हायचा. ते काम आजही करता येतं, पण ते जाणत्याच्या देखरेखीखाली आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनंच.

दुसरी, ढासळलेले दगड उचलून नीट रचून ठेवणं. दिसायला छान दिसतं. पण दगड जिथे पडला ती जागा अभ्यासकाला सांगते की तो कुठल्या भिंतीचा, भिंत कुठल्या बाजूला कलली. ढीग केला की ती माहिती गेली. गाळातून मिळालेलं खापर, नाणं, तोफगोळा घरी नेऊ नका हे सांगायला नको, तरी सांगते.

तटावरचा पिंपळ वरवर छाटला तर तो जोमानं फुटतो. मुळासकट काढायला गेलं तर चिरे निखळतात. त्याची वेगळी पद्धत आहे, आणि ती शिकवणारी माणसं खात्यात आहेत. मोहीम काढण्याआधी एक अर्ज आणि एक भेट, एवढंच मागणं आहे.

---

गडवाट

चुनखडीताई, हा प्रतिसाद सगळ्या संवर्धन ग्रुपांवर जायला हवा. तुमची परवानगी असेल तर पाठवतो.

---

चुनखडी

जरूर पाठवा.

---

एल्बकाठची

मी जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहते. इथली गोष्ट सांगते, कारण ‘मानांकन मिळालं म्हणजे मिळालं’ असं बऱ्याच जणांना वाटतं.

ड्रेस्डेनचं एल्ब खोरं २००४ मध्ये जागतिक वारसा झालं. नदीकाठची कुरणं, राजवाडे, द्राक्षमळे, एका नजरेत दिसणारं सलग दृश्य. शहराला वाहतुकीसाठी त्याच्या मधोमध चौपदरी पूल हवा होता. २००५ मध्ये लोकांनी मतदान करून पुलाच्या बाजूनं कौल दिला. युनेस्कोनं सावध केलं, आधी धोक्यातल्या यादीत टाकलं, आणि २००९ मध्ये नाव काढून टाकलं. पूल २०१३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. लिव्हरपूलचं नाव तर २०२१ मध्ये गेलं, बंदरावरच्या नव्या बांधकामांमुळे.

म्हणून मला रोपवे, काचेचे पूल, गडाच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता अशा घोषणा वाचल्या की धास्ती वाटते. सोय हवी, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना वर जाता यावं हे मलाही वाटतं. पण या बारा किल्ल्यांना मान मिळाला तो डोंगर, समुद्र, जंगल आणि किल्ला यांची एकत्र केलेली रचना म्हणून. डोंगर पोखरून किल्ला सजवला तर ज्यासाठी मान मिळाला तेच उरणार नाही.

---

लेणीवाला

बरोबर. हंपीही १९९९ मध्ये दोन पुलांमुळे धोक्यातल्या यादीत गेली होती, २००६ मध्ये बाहेर आली. म्हणजे वेळेवर ऐकलं तर परत येता येतं.

---

गुंजवणीकाठ

मी मूळची राजगडाच्या पायथ्याची, आता नोकरीला पुण्यात. माझी आत्या सुट्टीच्या दिवशी गडावर ताक, दही आणि पिठलं-भाकरी विकते. या धाग्यात विकणाऱ्यांबद्दल कुणी वाईट लिहिलं नाही, बरं वाटलं. एरवी कचऱ्याचं खापर पहिल्यांदा त्यांच्यावर फुटतं.

आत्या पहाटे निघते. डोक्यावर भाकरीचं पीठ, काखेत ताकाची कळशी, मागे चुलतभाऊ लाकडं घेऊन. चोर दरवाजाची ती खडी चढण या ओझ्यासकट. ताक ती पेल्यातून देते, पेला तिथेच विसळते, आणि विसळायलाही पाणी मोजून वापरते. बाटल्या वर येतात त्या पाहुण्यांच्या पिशवीतून. संध्याकाळी उतरताना ती आणि शेजारच्या बायका पोत्यात भरून त्यातल्या काही खाली आणतात. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

तमिळनाडूत नीलगिरीला प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर बंदी आहे, रस्त्याकडेला पाण्याची यंत्रं बसवलीत. आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना ई-पास लागतो. तिथल्या हॉटेलवाल्यांनी कुरकुर केली, तरी पद्धत चालू आहे. आमच्या गावात पायथ्याला एक खोली, तिथे प्रत्येक बाटलीमागे पन्नास रुपये अनामत, खाली आणून दाखवली की परत. ज्या परत आल्या नाहीत त्यांचे पैसे वरून कचरा आणणाऱ्या बायकांना. एवढं झालं तर आत्याला दंडाची पाटीही नको, कायदाही नको. एकही बाटली ती वर राहू देणार नाही.

---

रायगडी मावळा

ताई, तुमच्या आत्याला दंडवत. हे अनामतीचं मला मनापासून पटलं, आणि पासाबद्दलचं माझं मतही थोडं नरमलंय. पायथ्याला कागदी पास, एसटीवाल्याला आधी, आणि पैसा गावाच्या समितीकडे. असं असेल तर मी आमच्या मंडळात बोलतो. पण ६ जूनला आणि शिवजयंतीला शिवनेरीवर पास नको, यावर मी ठाम.

---

गडवाट

मान्य. त्या दिवसांचं नियोजन वेगळंच असतं.

---

प्राथमिक शिक्षक

धागा उशिरा वाचला. आमच्या शाळेची आठवीची ऐंशी मुलं डिसेंबरात राजगडावर न्यायची आहेत. वर चर्चा झाली त्याप्रमाणे नेमकं काय करावं? शाळेचं बजेट बेताचं आहे, मुलं ग्रामीण भागातली, बहुतेकांचा पहिलाच मोठा गड.

---

गडवाट

सर, मंगळवार-बुधवार निवडा, शनिवार टाळाच. ऐंशी एकदम नको, चाळीस-चाळीसच्या दोन तुकड्या दोन वेगळ्या दिवशी केल्यात तर उत्तम. एकाच दिवशी जायचं असेल तर पाली दरवाजाच्या वाटेनं न्या, पायऱ्या आहेत, चोर दरवाजापेक्षा सोपी. वर गेल्यावर एक तुकडी पद्मावती माचीवर थांबवा, सईबाईंची समाधी, देऊळ आणि तलाव दाखवा, दुसरी संजीवनीकडे न्या, मग अदलाबदल. बालेकिल्ल्याच्या चढाला रेलिंग आहे, पण वाट अरुंद, तिथे दहा-दहाच मुलं सोडा आणि वरची उतरल्याशिवाय खालची सोडू नका. तटाच्या माथ्यावर कुणीही चढणार नाही, हे बसमध्येच सांगून ठेवा, वर गेल्यावर वाऱ्यात ऐकू येत नाही. अत्तर, बॉडी स्प्रे मारून कुणी येऊ नये, सुवेळा माचीवर नेढ्याच्या (कातळातल्या आरपार भोकाच्या) बाजूला आग्यामोहाची पोळी असतात.

दर मुलामागे घरून भरून आणलेली एक पाण्याची बाटली, तीच परत नेण्याची.

---

चुनखडी

सर, संजीवनीवर मुलांना तटातून पाणी बाहेर काढणारी भोकं शोधायला सांगा. साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं पावसाचा विचार कसा केला होता ते त्यांचं त्यांनाच सापडेल. मग तटावर चढू नका हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

प्राथमिक शिक्षक

फार उपयोगी. दोन तुकड्या दोन दिवशी, मुख्याध्यापकांशी बोलतो. जेवण मुलांनी डब्यात आणावं की गावात सांगावं? डब्यांत प्लास्टिकच्या पिशव्या हमखास येतात.

---

गुंजवणीकाठ

गावातच सांगा सर. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक, शाळेसाठी दर कमी लावतील. पाली बाजूला आमचे नातेवाईक आहेत, ते पंगत अंगणात बसवतील, पत्रावळ्यांवर. तारीख नक्की झाली की निदान आठवडाभर आधी कळवा म्हणजे दळण आणि लाकडं बघता येतील. नंबर इथे जाहीर देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

प्राथमिक शिक्षक

व्यनि केलाय.